दोन सुताचा एक फूट

तूर निघाली, चणा घरात आला, पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर लागली. आता मृगापर्यंत वावरात नांगरटीशिवाय मोठे काम नाही. लग्नसराई आहे, उधारी आहे, सोसायटीचे नवे-जुने आहे, ते सगळे आहेच. अशा दिवसांत या पानावर कोणी आगगाडीच्या खेळण्याबद्दल लिहितो म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, याला दुसरा उद्योग नाही वाटते. कास्तकार मंडळींनो, जरा थांबा. खेळणे पोरांचे नाही, मोठ्या माणसांचे आहे, आणि त्यात आपल्या गावचाही थोडा हिशेब आहे.

आधी बर्डीपासून सुरुवात करू. कोर्टाच्या कामाला, दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला आपण सगळे सीताबर्डीवर जातोच. तिथून जवळच झिरो माईलचा दगडी खांब आहे, चार घोडे उभे असलेला. इंग्रजांनी देशाची मोजणी केली त्या काळातली ती खूण. हिंदुस्थानचा मध्य बरोबर तोच का, यावर शहाणे लोक वाद घालतात, तो आपण त्यांच्यावर सोडू. पण मला गंमत वाटते ती शून्याची. ज्या छोट्या आगगाडीबद्दल आज सांगायचे आहे तिला जगभर ‘ओ गेज’ म्हणतात. हा ‘ओ’ मुळात इंग्रजी अक्षर नव्हताच. तोही शून्यच.

त्याचे असे झाले. जर्मनीत मेर्कलिन नावाची खेळणी बनवणारी कंपनी आहे. तिने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांवर धावणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या ठराविक मापात मांडल्या. मोठ्या मापांना एक, दोन असे नंबर दिले. पुढे त्याहून लहान माप आले, त्याला नंबर उरला शून्य. लोकांनी शून्याचा उच्चार ‘ओ’ केला आणि तेच नाव पडले. या मापात दोन रुळांमधले अंतर ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. पुढे इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० पासून याच मापाच्या, चावी भरून चालणाऱ्या गाड्या विकायला काढल्या. मेकॅनो नावाचा नटबोल्टांचा खेळ तोही यांचाच. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे माप जोरात होते. मग परदेशात घरे लहान होत गेली, तशी गाडीही लहान झाली. ओ च्या निम्मे म्हणून ‘हाफ ओ’, म्हणजे एचओ, हे साडेसोळा मिलिमीटरचे माप पुढे आले आणि आज जगात सर्वांत जास्त तेच चालते.

पुण्याला कधी जाणे झाले तर कोथरूडला कर्वे रस्त्यावर जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय जरूर पाहा. भाऊ जोशी या गृहस्थांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभे केले. आधी ते आपला देखावा उचलून नेऊन प्रदर्शनात मांडत. मग १ एप्रिल १९९८ पासून तो कायमचा एका जागी लोकांसाठी खुला झाला. गाड्या, सिग्नल, पूल, डोंगर, सर्कस असे पुरे शहरच तिथे मांडले आहे. तेही एचओ मापाचे. ओ नव्हे.

सुताराला विचारा

माप म्हटले की आपली माणसे बिचकतात. काहीएक अवघड नाही. तलाठ्याकडचा (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) गावनकाशा तुम्ही पाहिला आहे. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे वावरातले इतके मीटर, हे तुम्हाला तोंडपाठ असते. धुऱ्याचा वाद निघाला की अंगठाबहाद्दरसुद्धा नकाशावर बोट ठेवून बोलतो. गाडीचे माप तसेच. नकाशा सपाट, हे उभे, एवढाच फरक.

ओ मापात तीन चाली आहेत. इंग्लंडमध्ये खऱ्याच्या साडेत्रेचाळीसाव्या हिश्शाने गाडी करतात, युरोपात पंचेचाळीसाव्या, अमेरिकेत अठ्ठेचाळीसाव्या. यातली अमेरिकेची चाल आपल्या गावच्या सुताराला सर्वांत सोपी पडते. कशी ते पाहा. एका इंचात आठ सूत. एका फुटात शहाण्णव सूत. शहाण्णवचा अठ्ठेचाळीसावा हिस्सा दोन. म्हणजे खऱ्यातला एक फूट, छोट्यात दोन सूत. झाले! कॅल्क्युलेटर नको, मोबाइल नको. साडेपाच फूट माणूस अकरा सुताचा. साडेचार फुटी बैल नऊ सुताचा, म्हणजे इंचाहून थोडा वर. बंडीचे चाक चार फुटांचे असेल तर बरोबर एक इंच. चौथीतला पोट्टा हा हिशेब करतो, मी करवून पाहिला आहे. त्रैराशिकाला जे पोरगे रडत होते तेच कोठ्याच्या दाराची उंची सुतात सांगू लागले.

आता रुळांवर लावून पाहा. आपली ब्रॉडगेज साडेपाच फूट रुंद. म्हणजे छोट्यात अकरा सूत, सुमारे ३५ मिलिमीटर. पण ओ गेजचा तयार रूळ बाजारात ३२ चाच मिळतो. जवळजवळ एक सूत कमी. का, तर तो रूळ परदेशातल्या पावणेपाच फुटी गेजसाठी धरलेला आहे. म्हणून आपली मुंबई-हावडा लाईन तयार रुळांवर मांडली की जाणकाराला गाडी उंच आणि रूळ आखूड दिसतो. बरोबर करायची तर स्लीपर आणि रूळ स्वतः ठोकावे लागतात, चाकांचा आसही लांब करावा लागतो. हौशी लोक तेही करतात.

आणि नॅरोगेज? अडीच फूट. म्हणजे पाच सूत. पाच सूत म्हणजे जवळजवळ सोळा मिलिमीटर. आणि एचओचा रूळ, जो जगात सर्वांत जास्त खपतो, सर्वांत स्वस्त मिळतो, तो साडेसोळाचा! अर्ध्या मिलिमीटरचा फरक कोणाच्या डोळ्याला दिसत नाही. म्हणजे रूळ आणि चाके एचओची घ्यायची आणि वर डबा-इंजिन ओ मापाचे करायचे, की आपली नागपूरची छोटी लाईन हुबेहूब उभी राहते. ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेत तीस इंची रुळांच्या जंगलातल्या, खाणीतल्या गाड्यांसाठी हौशी लोक हेच करत आले. १९९८ साली बाखमन कंपनीने तसे तयार इंजिनच बाजारात आणले आणि त्या मापाला ‘ओएन-तीस’ असे नाव रूढ आहे. तीस इंच म्हणजे आपले अडीच फूट. त्यांची जंगलातली गाडी आणि आपली नागभीडची गाडी एकाच रुंदीची.

गाडी गेली, माप राहिले

इथे मला थोडे मागे जावे लागेल. नागपुरात मुंबईकडून आगगाडी आली १८६७ साली, आणि ती मुख्यतः आपल्या कापसासाठी आली हे तुम्ही ऐकून आहात. नॅरोगेज नंतरची. बंगाल-नागपूर रेल्वेने इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूर अशी नागभीडपर्यंत लाईन १९०८ साली नेली. दुसरी सावनेर, केळोद करत छिंदवाड्याला गेली. वऱ्हाडात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला, तिची मालकी खासगी कंपनीची. तिच्यावर मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले. पुलगाव-आर्वीचीही तीच जात.

छिंदवाडा लाईनवरची छोटी गाडी २०१५ च्या शेवटी थांबली. नागभीडची नोव्हेंबर २०१९ मध्ये. ब्रॉडगेज करायची म्हणून थांबली, त्यात वाईट काही नाही. मोठी गाडी यावी असे आपणच निवेदने देत होतो. ग्रामपंचायतीचे ठराव निघाले, त्यातल्या एकावर माझीही सही आहे. छोटी गाडी तीस किलोमीटरच्या वर फारशी पळत नव्हती, पावसाळ्यात बंद, उन्हाळ्यात कोंडवाडा. तिच्या आठवणीने गळा काढणारे बहुतेक लोक तिच्यात कधी बसले नव्हते, हेही खरे.

पण आमचे गाव त्या लाईनवर आहे. गाडी बंद झाल्यावर शाळेच्या गुरुजींच्या आणि माझ्या मनात आले की हे स्टेशन आता राहायचे नाही. दोन खोल्या, पुढे पडवी, वर कवेलू, शेजारी लिंबाचे झाड. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे, रेल्वे कायदा १९८९, कलम १४७. त्यामुळे आधी अर्ज केला. परवानगी यायला वेळ लागला, पण आली. मग सातवीची पाच पोरे, एक पन्नास फुटी टेप, एक ओळंबा, दोन वह्या घेऊन आम्ही दोन रविवार मोजणी केली.

गावातले एक आबाजी पारावरून रोज हे पाहत. शेवटी त्यांना राहवले नाही. म्हणाले, “काहून रे पोट्टेहो, भिताडं काय मोजून राहिले? पेन्शन भेटणार हाय काय भिताडाले?” पोरे हसली. आबाजी स्वतः त्या लाईनवर गँगमध्ये कामाला होते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

मोजणीत आमची चूक काय झाली तीही सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. लांबी-रुंदी, दारे-खिडक्या, ओटा, सगळे घेतले. कवेलूच्या आढ्याची उंची घ्यायची राहिली. टेप वर पोचत नव्हता, आणि पुढच्या रविवारी शिडी आणू म्हणालो. पुढच्या रविवारी पाऊस. नंतर कापसाची धांदल. तीन महिन्यांनी नव्या लाईनचे काम आले आणि इमारत एका दिवसात भुईसपाट झाली. जेसीबीला वेळ तो किती लागतो!

नशिबाने एक फोटो होता. त्यात एक पोरगा भिंतीला पाठ लावून उभा. त्याची उंची शाळेच्या आरोग्य तपासणीच्या रजिस्टरात लिहिलेली. फोटोत तो पट्टीने किती भरतो, त्या हिशेबाने भिंत किती, हे काढले. आढे भिंतीच्या मागे असल्याने त्यात थोडी फसगत होते. म्हणून बाजूच्या भिंतीच्या त्रिकोणातल्या विटांचे थर मोजले. मसाल्यासकट एक थर सुमारे तीन इंच. दोन्हीकडून उत्तर जुळले तेव्हा गुरुजींनी पोरांना भेळ दिली.

म्हणून सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना माझे सांगणे असे. तुमच्या हद्दीत जुने स्टेशन, जिनिंग, बैलांचा आखाडा, कोंडवाडा, चावडी असे काही पडायला आले असेल तर पाडण्याच्या ठरावाआधी ते मोजून घ्या. मोजताना पाच-पाच इंचांवर काळे-पांढरे पट्टे मारलेली एक पाच फुटी काठी भिंतीला टेकवून चारही बाजूंचे फोटो काढा. त्याला निविदा लागत नाही. मॉडेल आज नाही झाले तर दहा वर्षांनी होईल, पण माप आजच मिळेल.

डबा आणि इंजिन मोजायला मात्र आता नागपूरच. मोतीबागला नॅरोगेजचे रेल्वे संग्रहालय आहे, १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालेले. नॅरोगेजची इंजिने, डबे, जुनी अवजारे तिथे ठेवली आहेत. बर्डीहून ऑरेंज लाईनची मेट्रो घेतली की कडबी चौकापर्यंत जाता येते. बंद असण्याचा वार आधी विचारून निघा. डब्याला टेप लावण्यापूर्वी तिथल्या माणसाला विचारा. चांगले बोलले तर बहुतेक वेळा ‘मोजा’ म्हणतात.

परदेशी सामान आणि माझा धूर

आता खर्च. लपवून ठेवण्यात अर्थ नाही. परदेशी ओ गेजचे पितळी इंजिन घ्यायला गेलात तर पन्नास हजारांच्या वर जाते, वर जकात निराळी. ते आपले काम नव्हे. त्या पैशात दारात काहीतरी दूध देणारे उभे राहते.

माझी सुरुवात फुकटात झाली, म्हणून जास्त महाग पडली. अमेरिकेतल्या भाच्याने येताना जुना संच आणला. तीन रुळांचा. मधल्या रुळातून वीज जाते, बाहेरच्या दोहोंतून परत येते. मोठे सुंदर इंजिन, डोक्याला दिवा. मी आनंदाच्या भरात त्याचा ट्रान्सफॉर्मर सरळ भिंतीच्या प्लगमध्ये घातला. तिकडची वीज ११० ते १२० व्होल्टची, आपली २३०. अर्ध्या मिनिटात खोलीभर धूर. सौ. म्हणाली, “बरं झालं, कोळशाचं इंजिन वाटते.” तेव्हापासून कोणतेही बाहेरचे यंत्र आले की मी आधी त्याच्या पाठीवरचा व्होल्टेज वाचतो.

दुसऱ्यांदा बर्डीच्या एका दुकानातून एचओ म्हणून घेतलेले रूळ घरी येऊन मोजले तर चौदा मिलिमीटरचे भरले. दुकानाचे नाव घेत नाही, त्यालाही बिचाऱ्याला ठाऊक नसेल. पण खिशात साडेसोळा मिलिमीटरची एक पट्टी कापून नेलेली बरी. बियाणे घेताना आपण पिशवीवरचा लॉट नंबर पाहतोच ना!

लागते काय ते आता सांगतो. आठ बाय चारची प्लायवूडची एक शीट. नॅरोगेजच्या वळणाला दीड फूट त्रिज्या पुरते, म्हणजे पूर्ण गोल तीन फुटांचा, चार फुटी शीटवर आरामात बसतो. मोठ्या ओ गेजला हेच वळण तीन फूट त्रिज्येचे तरी हवे, मग एक पुरी खोली गेली. शहरात दोन खोल्यांच्या फ्लॅटवाल्याला हे जमत नाही, म्हणूनच ओ गेज मागे पडला. तुमच्याकडे ओसरी आहे, माळा आहे, रिकामा कोठा आहे. जागेची श्रीमंती आपल्याला कधी मोजताच आली नाही.

प्लाय दोन्ही बाजूंनी वार्निश करा. एकच बाजू केली तर पावसाळ्यात शीट धनुष्यासारखी वाकते आणि तुमचे रूळ वर उठतात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, म्हणून रुळांच्या जोडात मिलिमीटरभर फट ठेवा. खरी रेल्वेही जोडात अशीच फट ठेवत आली. चिकटवायला पिठाची खळ वापरू नका, झुरळे आणि उंदीर दोघेही स्टेशनमास्तर होतात. पांढरा डिंक बरा.

विजेचे तर आपल्या घरातच आहे. फवारणीच्या बॅटरी पंपाची बॅटरी बहुतेक १२ व्होल्टची असते, आणि ही इंजिनेही १२ व्होल्टच्या डीसीवर चालतात. एका रुळाला बॅटरीचे एक टोक, दुसऱ्याला दुसरे. टोके उलटी केली की गाडी मागे जाते. त्यासाठी बर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये सहा पायांचे बटण मागा, ‘डीपीडीटी’ म्हटले की समजतात. वेग कमी-जास्त करायला डीसी मोटरचे छोटे कंट्रोलर मिळते. लहान इंजिन अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेते, त्यामुळे आठ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी लोडशेडिंगमध्येही संध्याकाळभर पुरते. मात्र एक गोष्ट विसरू नका. बॅटरीच्या तोंडाशीच दोन अँपिअरचा फ्यूज बसवा. रुळांवर एखादा पाना पडला तर शॉर्ट होऊन वायर लालभडक होते. ट्रॅक्टरची बॅटरी तर या कामाला लावूच नका, ती वेल्डिंग करून दाखवेल. आणि घरातली २३० व्होल्टची वीज रुळांजवळ कधी आणायची नाही. पोरांचे हात रुळांवरच असतात.

गाडी किती जोरात सोडायची? खरी ताशी तीस किलोमीटर धरली तर छोटी सेकंदाला सतरा सेंटिमीटर. म्हणजे एक वीत सरकायला सेकंदाहून जरा जास्त वेळ. पोरे ती रॉकेटसारखी सोडतात. एकदा घड्याळ लावून सतरा सेंटिमीटरने चालवून दाखवा, घरातली म्हातारी माणसे लगेच म्हणतात, “हां, हे खरी वाटते.”

बाकी सगळे सामान वावरात आणि चुलीपाशी. आइस्क्रीमची काडी उभी चिरली की दोन स्लीपर-पट्ट्या निघतात, नॅरोगेजची स्लीपर पाच फुटी, म्हणजे दहा सूत कापायची. गिट्टी खरी दोन इंची; छोट्यात मिलिमीटरभराची हवी. रव्याच्या चाळणीतून खाली पडलेली आणि पिठाच्या चाळणीवर राहिलेली रेती घ्या, बरोबर तेवढीच असते. तुराटीचे कांडके उभे चिरून कुंपण होते. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आत नळ्या दिसतात, त्या पट्ट्या गेरूच्या पाण्यात बुडवून लावल्या की कवेलू. बोंडातला कापूस चिमूटभर घेऊन बंडीत टाका, कापसाला कापूसच.

आणि संत्री! यावर आम्ही आठ दिवस घातले. मातीच्या गोळ्या मोठ्या होत, मणी चमकत. शेवटी गुरुजींच्या घरच्या मिसळणाच्या डब्याने प्रश्न सोडवला. मोहरीचा दाणा दीड मिलिमीटरचा. गुणिले अठ्ठेचाळीस, बहात्तर मिलिमीटर. बरोबर चांगल्या मृग बहाराच्या संत्र्याएवढा. नारंगी रंगात घोळला, वाळवला, स्टेशनाबाहेर ढीग लावला. खसखस लिंबू होते. ज्वारीचा दाणा लहानसे टरबूज होतो. पोरांनी मग घरातला एक दाणा सोडला नाही, प्रत्येकाचा भाव सुतात काढला.

विकत घ्यावे लागते ते रूळ, चाके आणि एक साधे एचओ इंजिन. त्या इंजिनाचे वरचे टोपण काढून ठेवा, खालचा चालता गाडा तेवढा वापरा. वर पुठ्ठ्याचे किंवा पातळ टिनाचे आपल्या झेडडीएम डिझेलचे धूड बसवा. गावचा टिन झाळणारा असेल तर त्याला गाठा. आमच्याकडे पिंपांना डाग देणाऱ्या मिस्त्रीने तीन संध्याकाळी खपून ते केले. पैसे घेतले नाहीत, पण मागच्या दिव्याच्या खाली आपले आद्याक्षर कोरून ठेवले, ते मला फार उशिरा दिसले.

गाडी अडखळू लागली की इंजिन बिघडले असे समजू नका. शंभरातले नव्वद वेळा रुळांवर धूळ असते. फडक्याला स्पिरिट लावून पुसा. पॉलिश पेपर घासू नका, त्याने ओरखडे पडतात आणि त्यात धूळ अधिकच बसते.

आमचे स्टेशन आता शाळेच्या एका खोलीत आहे. आठ बाय चारची शीट, मधोमध फलाट, एका टोकाला नाला आणि दोन गाळ्यांची मोरी. रेल्वेफाटकाशी थांबलेली बंडी आहे, तिचे बैल नऊ सुताचे. पोळ्याच्या दिवशी लावली तेव्हा अर्धे गाव आले. आबाजीही आले. फलाटाजवळ खुर्ची मागून बसले, गाडी दोन फेऱ्या पाहिली आणि म्हणाले, “मोरीच्या अलीकडे गाडी हळू व्हायची. तिथं खालची माती धसायची. तुम्ही सरळ नेऊन राहिले.” त्यानंतर मोरीच्या अलीकडे वेग कमी करायचा, हे पोरांनी ठरवून टाकले. आबाजींनी त्या दिवशी आणखी दोन चुका काढल्या. सिग्नलचा हात रंगवलेला चुकला होता, तो दुरुस्त झाला.

दुसरी अजून मिटली नाही. मोजणीच्या वहीत लिंबाच्या झाडाची नोंद फक्त ‘शेजारी’ अशी आहे, आणि फोटोत ते येत नाही. आबाजी म्हणतात, झाड इतवारीकडच्या टोकाला होते, त्याखाली ते डबा खात. चहाचे दुकान चालवणाऱ्या मावशी म्हणतात, नागभीडकडच्या टोकाला होते, त्यांची चूल त्याच्या सावलीत होती. दोघेही शपथेवर सांगतात. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्यांचे झाड करून ठेवले आहे, फलाटाच्या दोन्ही टोकांना भोक पाडले आहे. आबाजी आले की ते इकडे लावतो, मावशी आल्या की तिकडे.